नव्या टाकीतली भांडणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंनी मुलीच्या आठव्या वाढदिवसाला माशांची टाकी घरी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्याच दिवशी दुकानदाराने दहा मासे पिशव्यांत भरून दिले: दोन एंजल, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, एक ब्लू गुरामी आणि 'काच साफ करायला' एक सकर. आठवड्याभरात पाणी दुधासारखं पांढरं झालं. दुकानदार म्हणाला, सगळं पाणी काढा, खडी आणि फिल्टर धुवा, नवीन पाण्यात निळं औषध घाला. ताईंनी तसंच केलं, पाणी थेट नळाचं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोल्डफिश गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच आणि दुसराही गेला. आता बार्ब एंजलच्या मागे लागले आहेत, एका एंजलची शेपूट कुरतडलेली आहे आणि तो हीटरच्या मागे लपून असतो. मुलगी रडते, कारण एंजल तिचे लाडके. नवऱ्याचं म्हणणं, बार्ब गुंड आहेत, नेऊन तलावात सोडू. सासूबाई म्हणतात, मासा गेला म्हणजे घरावरचं काहीतरी टळलं, वाईट वाटून घेऊ नका. ताई विचारतात: 'इतकी स्वच्छता ठेवूनही असं का होतं? आणि कोणता मासा काढला म्हणजे बाकीचे सुखाने राहतील?'

ताई, आधी आजच्या रात्रीचं बोलू.

एअर पंप चालू ठेवा, टाकीचा दिवा बंद करा आणि आज-उद्या खाद्य टाकूच नका. धडधाकट माशाला दोन-तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. आत्ता टाकलेला प्रत्येक दाणा मात्र पाणी आणखी बिघडवेल. कधीच साबण न लागलेल्या बादलीत बारा-तेरा लिटर पाणी घ्या, त्यात बाटलीवरच्या मापाने अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाला, हात बुडवून ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट आहे ना बघा. टाकीतलं तेवढंच पाणी काढा आणि हे हळूहळू ओता. उद्या पुन्हा तसंच. टाकी उपसू नका, खडी हलवू नका, फिल्टर नळाखाली धरू नका. निळी बाटली कपाटात राहू द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही स्वच्छतेत कुठेही कमी पडलेल्या नाहीत. अडचण अशी की घर घासूनपुसून स्वच्छ होतं त्या अर्थाने टाकी स्वच्छ होत नाही. मासा श्वास घेताना कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आरशासारख्या नितळ पाण्यात मासे अमोनियाने मरू शकतात आणि पांढुरक्या पाण्यात मजेत राहू शकतात. तुमच्या टाकीतला तो दुधाळपणा बहुधा पाण्यात एकदम वाढलेल्या जिवाणूंचा होता. नव्या टाकीत तो बरेचदा येतो, आणि हात न लावता काही दिवसांत आपोआप जातो.

जुन्या, बसलेल्या टाकीत या अमोनियाची विल्हेवाट लावणारे दुसरे जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बराच सौम्य, आणि तो दर आठवड्याच्या थोड्या पाणीबदलात निघून जातो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नवी टाकी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तुमची टाकी तीन आठवड्यांची आहे, पण दोनदा तुम्ही स्पंज आणि खडी नळाखाली धुतलीत. नळातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, त्याने हेही मारले. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर आणि माशांच्या अंड्यांसाठी वेगळ्या भांड्यात वापरतात. मुख्य टाकीत घातलं तर तेही या जिवाणूंना मारक ठरतं, शिवाय काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. त्यामुळे दर धुण्याबरोबर तुमची टाकी पहिल्या दिवसावर जाऊन बसत होती. पहिला गोल्डफिश पूर्ण पाणीबदलाच्या दुसऱ्या सकाळी गेला, यात मला क्लोरीनचा आणि अचानक बदललेल्या पाण्याचा हात दिसतो.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंय की सोसायटीत कधी पालिकेचं पाणी येतं, कधी टँकरचं. धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं. टँकरचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं, आणि आपल्या काळ्या कातळातून आलेलं असल्याने जड, क्षारयुक्त, बरेचदा पीएच (पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्काकडे, ते सांगणारा आकडा; सात म्हणजे मधोमध) आठच्या आसपासचं. अमोनियाचं विष पीएचवर ठरतं. अठ्ठावीस अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच सहाच्या पुढे जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण मासे नऊ-दहा पट जास्त विषात. म्हणून टँकर आलेल्या दिवशी मोठा पाणीबदल करू नका. पाणी बदलायच्या आदल्या रात्री बादल्या भरून ठेवण्याची सवय लावा, शक्यतो एकाच प्रकारच्या पाण्याने. घरच्या आरओचं पाणी पूर्ण टाकीत भरायचा मोह काही वाचकांना होतो. नुसत्या आरओच्या पाण्यात माशांना लागणारे क्षारही उरत नाहीत आणि पीएच धरून ठेवण्याची ताकदही नसते. जड पाण्यात थोडं मिसळायला हरकत नाही, पण मग दर वेळी तेच प्रमाण ठेवावं लागेल. दुकानात मिळणारे बहुतेक एंजल आणि गुरामी थोडं जड पाणी निभावून नेतात. त्यांना सोसत नाही तो रोजचा बदल.

आता दुसरा प्रश्न, कोणता मासा काढायचा. तुम्ही गुन्हेगार शोधताय, आणि दिसायला तो बार्बच आहे. पण जरा बार्बच्या बाजूने बघा. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचा, थव्याने राहणारा मासा. थवा आठ-दहांचा असला की त्यांची सगळी ढकलाढकल आपसात चालते, कोण पुढे, कोण मागे, हे ठरवण्यात त्यांचा दिवस जातो. चारच ठेवले की हीच खोड बाहेर निघते आणि समोर लांब, झिरमिळ्या परांचा, संथ पोहणारा मासा असला की त्याची शेपूट पहिली तोंडात येते. एंजल नेमका तसा. सगळ्याच बार्बांना लावलेला 'गुंड' हा शिक्का मला पटत नाही. त्यांना चुकीच्या संख्येत आणि चुकीच्या सोबतीत ठेवलंय.

तुमच्या टाकीची यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. गोल्डफिश थंड पाण्याचा, त्याला अठरा ते बावीस अंश बरे, आणि तो खूप खातो, खूप घाण करतो. एंजल ॲमेझॉन खोऱ्यातला, त्याला पंचवीस ते अठ्ठावीस हवेत. सकर दक्षिण अमेरिकेतलाच, आज बोटाएवढा दिसतोय, पण वाढून फूट-दीड फुटाचा होतो. काच साफ करण्याबद्दलची त्याची ख्याती लहानपणापुरती, मोठा सकर साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. ब्लू गुरामीचा नर जागेसाठी भांडणारा, आपला कोपरा ठरवून घेतो आणि तिथे आलेल्याला हाकलतो. आणि हे सगळं छप्पन लिटरच्या टाकीत, ज्यात खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की पाणी जेमतेम पंचेचाळीस लिटर. ही यादी दुकानदाराने एका दमात दिली, याचा मला राग येतो. रविवारच्या गर्दीत घाईने विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक 'मिक्स' पिशवीची हीच कथा आहे.

म्हणून एक मासा काढल्याने सुटेल, हे मला वाटत नाही. बार्ब गेले की गुरामी दादागिरी करू लागेल. गुरामी गेला की दोन एंजलपैकी एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबेल.

पाणी आणि भांडण या दोन गोष्टी तुम्ही पत्रात वेगळ्या मांडल्यात, तिथेच मला थांबावंसं वाटतं. खराब पाण्याने बार्ब कुरतडायला शिकत नाही, ती त्याची जातच. पण कुरतडलेल्या माशाचं काय होतं, ते पाणी ठरवतं. चांगल्या पाण्यात फाटलेला पर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून येतो, नवा भाग आधी काचेसारखा पारदर्शक दिसतो. अमोनिया असलेल्या पाण्यात तीच कड पांढुरकी, दोऱ्या निघाल्यासारखी होते आणि कुजत मुळाकडे सरकते. शिवाय अमोनियाने कल्ले भाजलेला मासा धापा टाकतो, पळू शकत नाही, आणि जो पळत नाही त्यालाच बाकीचे टोचतात. तुमचा एंजल हीटरमागे गेलाय तो या दोन्हींमुळे. आज त्याच्याकडे नीट बघा. कल्ले गुलाबी आहेत, लालभडक आहेत की तपकिरी? लालभडक आणि तोंड पाण्याच्या वर आणत असेल, तर अमोनिया. तपकिरी असतील तर नायट्राइट, कारण नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतो. शेपटीची कड स्वच्छ फाटलेली आहे की पांढरी? स्वच्छ असेल तर औषधाची गरज नाही, चांगलं पाणी आणि शांतता पुरेशी आहे.

शांतता कशी द्यायची? बहुतेक घरांत जखमी माशाला जाळीच्या डब्यात कोंडतात. मी उलट सांगेन. डब्यात कोंडलेला मासा घाबरतो, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा टाकीतला नवखाच. त्याऐवजी सगळ्यात जास्त मागे लागणारा बार्ब काढून दुसऱ्या बादलीत ठेवा, एअर पंपचा एक दगड सोडून. मग टाकीतले दगड आणि झाडं हलवा, आडोसा कोपऱ्यात आणि मध्येही येईल असा. सगळ्यांच्या ठरलेल्या जागा मोडल्या की दोन-चार दिवस कुणाचीच हुकूमत नसते. काढलेल्या बार्बला परत सोडायचंच झालं, तर तीन-चार दिवसांनी, दिवा मालवल्यावर. हा कायमचा उपाय नाही, पण पुढचं ठरवायला सवड मिळते.

आणि पुढचं काय? टाकीच्या मापाकडे बघून मला विचारलंत, तर मी म्हणेन, बार्ब ठेवा. दोन फुटांच्या टाकीत सात-आठ बार्ब, दुसरं कुणी नाही, भरपूर हालचाल, दिवसभर बघायला मजा, आणि कुणाची शेपूट जात नाही. पण टाकी मुलीसाठी आहे आणि तिचा जीव एंजलवर आहे. तिला समजावून बार्बच ठेवणं शक्य आहे, मात्र पहिल्याच महिन्यात तिचा लाडका मासा आपणच परत दिला, असं तिला वाटलं तर मन उडेल. म्हणून मी दुसरा रस्ता सुचवते: बार्ब, सकर आणि गुरामी दुकानात परत द्या, एंजल ठेवा. त्यात एक अट आहे आणि ती तुम्ही आत्ताच मनाशी मान्य करायला हवी. एंजल आज दहाच्या नाण्याएवढे आहेत. वर्षभरात त्यांचे उभे पर पसरले की उंची वीस सेंटिमीटरच्या वर जाते, आणि तुमच्या टाकीत पाण्याची खोली पंचवीसच्या आसपास. तेव्हा सहा-आठ महिन्यांत दीड फूट उंचीची टाकी घ्यावी लागेल. ते होणार नसेल, तर बार्बच ठेवणं एंजलच्याही हिताचं. दोघांची जोडी जमली तर ते उभ्या पानावर अंडी घालतील आणि तेव्हा आणखी चिडके होतील. जमली नाही तर एकाला दुसरं घर शोधावं लागेल. हे सगळं मुलीला आधीच सांगा. आठ वर्षांच्या मुलांना असं सरळ बोललेलं समजतं.

मासे कमी झाले की पाणीही लवकर सावरेल. सगळ्यात जवळची वाट म्हणजे विरजण: ज्यांची टाकी वर्षभर ठणठणीत चालली आहे अशा ओळखीच्यांकडून फिल्टरचा वापरलेला, मळका स्पंज मागून आणा. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेला, ओला, आणि तासाभरात तुमच्या फिल्टरशेजारी लावलेला. जिवाणू आयते येतात आणि कित्येक आठवडे वाचतात. त्यांच्या माशांना काही आजार नाही, एवढं विचारून घ्या. पुढे तुमचा स्पंज धुवायची वेळ आली की पाणीबदलात काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळा, बस. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. फिल्टर काही तास बंद राहिला तर आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.

अंदाजाने चालायचं नसेल तर थेंबांचं टेस्ट किट आणा, कागदी पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. छोट्या नळीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या उजेडात रंगांच्या कार्डाशी ताडून बघायचं. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य, हिरवा होत गेला की वाढता. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. दोन्हींपैकी कुठलाही ०.५ (कार्डावरचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) किंवा जास्त दिसला की त्या दिवशी पाव टाकी पाणी बदला. थोडाही दिसत राहिला तर एक दिवसाआड. नायट्राइट दिसला तर लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम जाडं मीठ बाहेर पाण्यात विरघळवून घाला. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. रोज मीठ घालत राहू नका, जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच. नायट्रेट वीसच्या खाली राहिला तर उत्तम, चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. रंग बघून वहीत तारीख आणि आकडा लिहिण्याचं काम मुलीला द्या. मुलांना ते आवडतं, आणि हिरवा रंग पिवळा होताना तिने स्वतः पाहिलेला असेल. खाद्य दिवसातून एकदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

सासूबाईंबद्दल. घरावरचं संकट मासा अंगावर घेतो, ही समजूत अनेक घरांत आहे, आणि त्या ती तुम्हाला धीर देण्यासाठीच बोलल्या. त्यांच्याशी वाद घालायचं कारण नाही. मला फक्त एका गोष्टीची काळजी वाटते: या समजुतीने मासा का गेला हे विचारायचं राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा येतो. त्यांना विचारा, 'आई, पुढचा मासा आणायच्या आधी पाणी तपासू या का?' बहुतेक त्या हो म्हणतील. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्ही चाचण्या सलग दोन आठवडे शून्य येईपर्यंत एकही नवा मासा घरात येऊ देऊ नका, वाढदिवस असो की पाहुण्यांनी हौसेने आणलेली भेट.

तलावाचं मात्र मी ठामपणे नाही म्हणेन, आणि हे फक्त तुमच्या यजमानांना नाही, अशा सगळ्या घरांना. टायगर बार्ब कदाचित थंडीत तग धरणार नाहीत, म्हणजे ते सोडणं मारणंच झालं. सकर मात्र तग धरतो, वाढतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आज हाच मासा येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला कुणी घेत नाही, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांचं नुकसान होतं. तिथे तो कुणाच्या तरी घरातून, कुणाच्या तरी दयेपोटीच पोहोचला असणार. विहीर, नदी, देवळाचं तळं, सगळ्यांना हेच लागू.

परत द्यायचे मासे सकाळी उपाशीपोटी, जाड पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवून न्या. बार्ब आणि सकर वेगवेगळ्या पिशव्यांत, कारण सकरचे काटे पिशवी फोडतात. दुकानदार पैसे परत देणार नाही, ते मागत बसू नका. 'हे तुमच्याकडे ठेवून घ्या' एवढंच म्हटलं तर बहुतेक जण घेतात. हे दुकान नाही म्हणालं तर दुसरं गाठा, किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. चार फुटांची टाकी असलेलं एखादं घर जवळपास निघतंच, आणि आठ-दहा बार्ब आधीच असलेल्या टाकीत तुमचे चौघे खपून जातील.